आधी साक्ष, मग निवाडा

कोल्हापुरात एका रेंजवर एक मुलगी रायफल शिकत होती. पन्नास मीटर प्रोन, म्हणजे मॅटवर पालथं पडून पन्नास मीटरवरच्या टार्गेटवर नेम धरायचा, हा तिचा प्रकार. कोल्हापूरला नेमबाजीचा नाद नवा नाही. तेजस्विनी सावंत इथल्याच. २०१० साली म्युनिकला याच प्रकारात त्या जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणलं. या दोघांचे फोटो मुलीने आपल्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवले होते.

मुलगी कष्टाळू होती. शिकवलेलं लक्षात ठेवायची, सरावाला कधी खाडा करत नसे. पण तिच्या मागे एक दुखणं लागलं होतं. दहातल्या आठ-नऊ गोळ्या दहाच्या घरात गोळा व्हायच्या आणि एखादी मध्येच भरकटून आठला जायची. रेंजवर अशा गोळीला कुणी फ्लायर म्हणतात, कुणी चुकार गोळी.

आठ म्हणजे काही फार दूर नव्हे, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पन्नास मीटरवरच्या टार्गेटमध्ये दहाच्या वर्तुळाचा व्यास असतो १०.४ मिलिमीटर. पुढचं प्रत्येक वर्तुळ त्याच्या बाहेर ८ मिलिमीटरवर. गोळीची जाडी ५.६ मिलिमीटर, आणि तिची कड वर्तुळाच्या रेषेला नुसती शिवली तरी आतला गुण मिळतो. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत असला तर दहा, १६ च्या आत नऊ, २४ च्या आत आठ. साठ गोळ्यांच्या सामन्यात अशा चार-पाच गोळ्या गेल्या की पदक हुकतं.

रेंजवर सल्ल्याला तोटा नव्हता. एक दादा म्हणाला, "वारा आहे गं, दुसरं काय!" एक ताई म्हणाली, "काडतुसं बदल, ही पेटी चांगली नाही." तिसऱ्याने सांगितलं, की बॅरलमध्ये शिसं साठलं असेल, घासून काढ. चौथा म्हणाला, डाव्या हाताला अडवणारा हँडस्टॉप बोटभर पुढे घे. पाचव्याने गालाखालचं चीकपीस उंच करायला सांगितलं.

मुलीने सगळ्यांचं ऐकलं. एका आठवड्यात काडतुसं बदलली, बॅरल घासलं, हँडस्टॉप हलवला, चीकपीस उचललं. शिवाय गोळी उजवीकडे गेली की ती लगेच नेम धरायची साइट दोन क्लिक डावीकडे घ्यायची. पुढची डावीकडे गेली की पुन्हा उजवीकडे. आठवडा संपला तेव्हा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, पहिल्यापेक्षा जास्त पसरला होता. आता कशाने बिघडलं हे कळायलाही मार्ग उरला नव्हता. त्या पाच बदलांतला एखादा कदाचित खरोखर उपयोगाचा असेल, पण तोही बाकीच्या चारांच्या गर्दीत हरवला.

त्या रेंजवर फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार यायचे. मुलं त्यांना काका म्हणायची. कुणी विचारल्याशिवाय ते सल्ला देत नसत. मुलीच्या हातातला पाना बघून ते तिच्या मॅटजवळ थांबले.

"काय गं बाळ, चार दिवस झालं, तुझ्या हातातनं पाना काय सुटंना?"

"काका, गोळी भरकटतीया. कारणच सापडंना."

"आत्ता आठला गेली ती कशी सुटली?"

मुलीने मॉनिटरकडे बघितलं. "उजवीकडं, जरा खाली. चार वाजताच्या दिशेला."

"कुठं गेली ते नाही विचारलं मी. कशी सुटली ते विचारलं. ट्रिगर सुटला तवा टार्गेटचं काळं फोरसाइटच्या रिंगेत मधोमध होतं का कडेला?"

मुलगी गप्प राहिली. तिला खरोखर आठवत नव्हतं.

काका खाली बसले. "गोळी कुठं लागली ते मॉनिटर सांगतो. का लागली ते त्याला कुठनं ठाऊक असणार? त्या घटनेला साक्षीदार एकच, तो म्हणजे तू. आणि तू तर आधी निकाल वाचतीस, मग साक्ष देतीस. असल्या साक्षीवर कुणी निवाडा करंल का?"

दुसऱ्या दिवशी काकांनी कामाला सुरुवात केली. आधी आठवडाभरात हलवलेलं सगळं होतं तसं परत जागेवर आणायला लावलं. हंगामाच्या सुरुवातीला मुलीने मापं लिहून ठेवली होती, ती कामी आली. मग सगळे स्क्रू तपासले: ॲक्शन लाकडाला धरून ठेवणारे, मागच्या साइटचे, बटप्लेटचे. सगळे घट्ट होते. काका म्हणाले, "याला पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटांत होतं, म्हणून हे पहिलं. लागायचं असलं तर कारण आधी स्वस्तात लागू दे. आता इथनं पुढं मी सांगेपर्यंत पाना पेटीत."

मग त्यांनी मुलीचा टॉवेल घेतला आणि मॉनिटरवर टाकला.

"गोळी मारायची. टॉवेल तसाच. वहीत टार्गेटचं छोटं चित्र काढलंय, त्यावर शिसपेन्सिलीनं ठिपका द्यायचा, गोळी कुठं गेली असणार असं तुला वाटतं तिथं. शेजारी दोन शब्द: ट्रिगर कसा सुटला, वारा काय होता. मग टॉवेल उचलायचा आणि खरी जागा लाल पेनानं लिहायची. लाल शाई पडली की पेन्सिलीच्या ठिपक्याला हात लावायचा नाही. मग तो कितीका चुकलेला असंना."

पहिल्या दिवशी वहीतली निम्मी चित्रं कोरी राहिली. गोळी कुठे गेली असावी, याचा मुलीला अंदाजच येईना. का येत नाही, हे तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं: बार होताना तिचे डोळे मिटत होते. ट्रिगर सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत काही सहस्रांश सेकंद जातात. तेवढा वेळ गोळी नळीतच असते आणि नळी नेमबाजाच्या हातात. त्या क्षणाला डोळे मिटले, किंवा निकाल बघायच्या घाईने मान उचलली, तर साक्षीदारच जागेवर नसतो. शिवाय रायफलही हलते.

मग काकांनी आठवडाभर ड्राय फायरिंग करून घेतलं. रायफल रिकामी, टार्गेट तेच, श्वास तोच, ट्रिगर तोच. फक्त गोळी नाही. खटका पडल्यावरही दोन आकडे मोजेपर्यंत नजर फोरसाइटवर ठेवायची. आवाजाची धास्ती नसल्याने डोळे उघडे राहायला शिकले. पुन्हा गोळ्या सुरू केल्या तेव्हा शिसपेन्सिलीचे ठिपके पडायला लागले, आणि त्यांतले बरेचसे लाल खुणेच्या जवळ यायला लागले.

हे चांगलं चाललं असताना एक गोष्ट घडली. त्या दिवशी तिचे ठिपके सारखे चुकत होते. शेजारच्या लेनवरची मुलं वहीत डोकावत होती. तिला लाज वाटली. मग तिने आधी टॉवेलचा कोपरा उचलून बघितलं आणि नंतर पेन्सिलीचा ठिपका दिला. एकदा केलं, दोनदा केलं, मग पुढच्या सगळ्या गोळ्यांना केलं. संध्याकाळी काकांनी वही बघितली. प्रत्येक ठिपका लाल खुणेला चिकटलेला.

काकांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "बाळ, आजच्या वहीत तू एकदाही चुकली नाहीस. खरी वही इतकी देखणी नसती."

मुलीची मान खाली गेली.

"मला फसवलंस त्याचं काही नाही. पण उद्या ही वही घेऊन आपण कारण शोधायला बसणार. तवा आजचं पान आपल्याला हात धरून उलट्या वाटंनं नेणार. वहीत चुकलेला ठिपका चालतो. तो सुधारतो. खोटा ठिपका सुधारत नाही."

मुलीने ते पान फाडलं नाही. त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "आधी बघून लिहिलेलं. धरू नये." त्यानंतर तिने टॉवेलला वेळेआधी हात लावला नाही.

वही अर्धी भरल्यावर काकांनी तिला एका पानावर चार घरं आखायला सांगितली. पहिल्या घरात साक्ष चांगली, म्हणजे गोळी नीट सुटली असं तिने लिहिलेलं, आणि निकालही चांगला अशा गोळ्या. दुसऱ्यात साक्ष वाईट, निकालही वाईट. तिसऱ्यात साक्ष चांगली पण निकाल वाईट. चौथ्यात साक्ष वाईट पण निकाल चांगला.

चुकार गोळ्यांतल्या जवळजवळ निम्म्या दुसऱ्या घरात पडल्या. म्हणजे गोळी सुटली त्या क्षणीच तिला ठाऊक होतं, की हे बिघडलं. शेजारचे शब्द वाचले तर तेच ते पुन्हा येत होतं: "श्वास लांबला", "घाईने ओढला", "रिंग थरथरली तरी मारली". श्वास फार वेळ रोखून धरला की नजर मंदावते, हात कापू लागतो, आणि मग माणूस एकदाचं संपवायचं म्हणून ट्रिगर ओढतो.

"यावर औषध काय, काका?"

"तुलाच माहीत आहे. बिघडतंय असं दिसलं की रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, पहिल्यापासनं सुरू करायचं. याला पाना लागत नाही, काडतूस लागत नाही. मारायच्या बेतात असताना न मारायला शिकावं लागतं."

एवढ्या एका सवयीने चुकार गोळ्या निम्म्यावर आल्या. ज्या दोषासाठी तिने आठवडाभर रायफल खोलली-जोडली होती, त्यातला निम्मा रायफलीत नव्हताच.

उरलं तिसरं घर. साक्ष चांगली, निकाल वाईट. इथे काकांनी तिला अभिनव बिंद्रा यांची गोष्ट सांगितली. २००८ साली बीजिंगला दहा मीटर एअर रायफलची फायनल सुरू व्हायच्या आधी, सरावाच्या शॉटला त्यांना चारच्या आसपास गुण मिळाले. फायनलला पोचलेला नेमबाज चार मारत नाही. दुसरा कुणी असता तर आपलाच हात गेला असं समजून खचला असता. बिंद्रा यांना आपला शॉट कसा सुटला हे ठाऊक होतं. म्हणून दोष स्वतःत नाही, साइट जागची हलली आहे, हे त्यांनी ओळखलं आणि मिळालेल्या थोड्या वेळात साइट सारखी करून घेतली. फायनलचा पहिला शॉट १०.७ गेला, आणि भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक मिळालं.

"ज्याची साक्ष पक्की," काका म्हणाले, "त्यालाच रायफलीला दोष द्यायचा हक्क. बाकीच्यांनी तो द्यायचा नाही."

तिसऱ्या घरातल्या गोळ्या त्यांनी दिशेप्रमाणे वेगळ्या केल्या. तीन टोळ्या निघाल्या.

पहिली टोळी विश्रांतीनंतरच्या गोळ्यांची होती. मुलगी पाणी प्यायला उठायची, परत मॅटवर पडायची, आणि त्यानंतरच्या पहिल्या एक-दोन गोळ्या डावीकडे जायच्या. डोळ्याला नेम मधोमध दिसायचा, पण डावा कोपर मूळ जागेपासून थोडा सरकलेला असायचा. रायफलीचा नैसर्गिक रोख टार्गेटच्या डावीकडे, आणि ती स्नायूंच्या जोरावर तिला मध्यावर ओढून धरायची. ट्रिगर सुटताना जोर ढिला पडला की रायफल आपल्या रोखाकडे परत जायची. हे ओळखायची परीक्षा सोपी आहे. नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, अंग सैल सोडायचं आणि डोळे उघडायचे. नेम सरकलेला दिसला तर हाताने ओढून आणायचा नाही. कोपर जागेवर ठेवून सगळं शरीर थोडं फिरवायचं. मुलीने मॅटवर कोपराच्या जागी खडूने खूण केली. डावीकडच्या गोळ्या थांबल्या.

दुसरी टोळी उजवीकडे आणि किंचित खाली जाणाऱ्यांची. दादाने वारा म्हटलं होतं ते इथे खरं निघालं, पण दादाला तरी कोणत्या गोळीला वारा आणि कोणत्या गोळीला नाही, हे सांगता आलं नसतं. पन्नास मीटरच्या रेंजवर वाऱ्याचे झेंडे दहा आणि तीस मीटरवर असतात. मुलगी फक्त जवळचा झेंडा बघायची. त्या रेंजवर बाजूची भिंत मध्येच संपत होती आणि तिथून डावीकडचा वारा आत शिरायचा. जवळचा झेंडा लोंबत असताना लांबचा फडफडत असायचा. ताशी पाच किलोमीटरचा आडवा वारा, अंगाला जेमतेम जाणवणारा, पन्नास मीटरवर पॉइंट टू-टू रायफलची गोळी साधारण एका वर्तुळाइतकी सरकवतो. पंधरा किलोमीटरचा तिला दोन सेंटिमीटरहून जास्त ढकलतो. नळीत उजवा पीळ असतो, गोळी त्या पिळाने फिरत जाते, म्हणून डावीकडचा वारा तिला उजवीकडे आणि जराशी खाली नेतो. वहीतल्या लाल खुणा नेमक्या तिथेच होत्या. मुलगी दोन्ही झेंडे बघायला शिकली. लांबचा झेंडा उचलला की ती थांबायची.

तिसरी टोळी थोड्याच गोळ्यांची, पण हट्टी. साक्ष मधोमध, दोन्ही झेंडे शांत, कोपर खडूच्या खुणेवर, आणि तरी गोळी सरळ खाली, सहा वाजताच्या दिशेला. आता काकांनी पहिल्यांदा पान्याची पेटी उघडायला परवानगी दिली. रायफल लोखंडी शिकंज्यात पक्की बांधली, म्हणजे माणसाचा हात, श्वास, डोळा सगळे बाजूला झाले. ती वापरत होती त्याच काडतुसांनी मारलं, तर अधूनमधून एखादी गोळी तशीच खाली गेली. मग बाकी काहीही न बदलता फक्त दुसऱ्या लॉटची, म्हणजे कारखान्यातल्या दुसऱ्या खेपेची, काडतुसं घातली. खाली जाणाऱ्या गोळ्या दिसेनाशा झाल्या. खात्रीसाठी परत पहिला लॉट घातला, आणि गोळ्या परत खाली गेल्या.

याचं गणित मुलीने स्वतः मांडून बघितलं. गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने निघते. पन्नास मीटर जायला तिला सेकंदाचा साधारण सहावा भाग लागतो आणि तेवढ्यात ती बारा-तेरा सेंटिमीटर खाली येते. साइट ते गृहीत धरूनच लावलेली असते. एखाद्या काडतुसाचा वेग सेकंदाला दहा मीटरने कमी पडला तर गोळी सुमारे ८ मिलिमीटर जास्त खाली येते. एक अख्खं वर्तुळ गेलं. म्हणूनच मोठे नेमबाज जर्मनीत शोनेबेकला लापुआ या काडतूस-कंपनीच्या किंवा बर्मिंगहॅमजवळ इले कंपनीच्या चाचणी-केंद्रात आपली रायफल घेऊन जातात, तिथे ती बांधून एकेक लॉट मारून बघतात, आणि आपल्या बॅरलला मानवेल तोच विकत घेतात.

ताईने पहिल्याच आठवड्यात हेच सांगितलं होतं, की काडतुसं बदल. मुलीने बदललीही होती. पण तेव्हा तिने त्यासोबत आणखी चार गोष्टी बदलल्या, आणि बरोबर उत्तर हातात येऊन निसटलं.

आता चुकार गोळ्या जवळजवळ संपल्या. तरी अधूनमधून एखादी नऊच्या घरात जायचीच. साक्ष चांगली, वारा नाही, काडतुसं पारखलेली. मुलगी ती वही घेऊन काकांकडे गेली. "याचं कारण काय?"

"याला वेगळं कारण नाही. हा तुझा ग्रुपच आहे."

मुलीला पटेना. मग काकांनी तिला जुन्या पानांवरचे ग्रुप मोजायला लावले. पाच गोळ्यांच्या ग्रुपची रुंदी घ्यायची, मग दहा गोळ्यांच्या ग्रुपची. दहा गोळ्यांचा ग्रुप पाच गोळ्यांच्या सव्वापट भरला. तीन गोळ्यांच्या तुलनेत तो दीडपटीहूनही मोठा होता. नेमबाज तोच, रायफल तीच. गोळ्या वाढल्या की कडेला जाणाऱ्या गोळ्याही येणारच. तीन गोळ्या एका भोकात गेल्या की आपण म्हणतो, ही माझी रायफल. चौथी बाहेर गेली की म्हणतो, ही फ्लायर, मोजू नका. पण चौथीही त्याच नळीतून, त्याच हाताने गेलेली असते.

"ज्याला कारण आहे ती चुकार," काका म्हणाले. "जिला कारण नाही ती तुझीच. तिला वहीतनं हाकलायचं नाही, आणि तिच्यामागं पाना घेऊन पळायचंही नाही. अख्खा ग्रुप आणखी बारीक करायचा. त्याला सराव लागतो, वर्ष लागतात."

शेवटी राहिलं चौथं घर, ज्याच्याकडे मुलीने तोवर बघितलंच नव्हतं. साक्ष वाईट, निकाल दहा. ट्रिगर ओढलेला, रिंग सरकलेली, आणि तरी गोळी मध्यावर. या गोळ्यांचा तिला आनंदच झाला होता.

काकांनी त्या प्रत्येक दहाभोवती गोल केला. "ही दहा तुझी नव्हं. तू एकीकडं चुकलीस, वाऱ्यानं दुसरीकडं ढकललं, दोन चुकांची बेरीज बरोबर आली. आठला गेलेली गोळी तुला शिकवून जाती. ही गोळी तुला फसवून जाती. हिच्यावर खूश झालीस तर उद्या तसंच मारशील."

तिसऱ्या घराने मुलीला रायफल समजावली होती आणि दुसऱ्या घराने स्वतःचा हात. चौथ्या घराने तिला स्वतःच्या यशाकडे बघायला शिकवलं, आणि ते सगळ्यांत अवघड होतं.

पुढे राज्य स्पर्धा आली. परकी रेंज, परकी लेन. सामना निम्म्यावर असताना तिची एक गोळी आठला गेली. मागे उभ्या असलेल्या तिच्या रेंजवरच्या मुलांनी एकमेकांकडे बघितलं. आता हिचा हात साइटकडे जाणार, असं त्यांना वाटलं. मुलीचा हात गेला नाही. गोळी मध्यावर सुटली होती, हे तिला ठाऊक होतं. तिने लांबच्या झेंड्याकडे बघितलं. तो डावीकडून उचललेला होता. ट्रिगर दाबताना तिचं त्याच्याकडे बघायचं राहून गेलं होतं. तिने रायफल खाली घेतली आणि झेंडा पडेपर्यंत वाट बघितली. पुढची गोळी दहा गेली, त्याच्या पुढचीही.

त्या स्पर्धेत तिला पदक मिळालं नाही. पण गमावलेल्या प्रत्येक गुणाचं कारण तिच्या वहीत लिहिलेलं होतं, आणि मिळवलेल्या गुणांतले आपले किती, नशिबाचे किती, हेही. पदक घेतलेल्यांपैकी एकीने तिला विचारलं, "तुझी ती एक गोळी कशाने गेली गं?" मुलीने वारा, वेळ आणि झेंडा एका वाक्यात सांगितला. मग तिने उलट विचारलं, "आणि तुझी?" त्या मुलीला सांगता आलं नाही.

पुढच्या हंगामात रेंजवर नवीन मुलं आली. त्यांच्या मॉनिटरवर टॉवेल टाकायचं काम काकांनी आता या मुलीवर सोपवलं.

तात्पर्य: निकाल बघून दिलेली साक्ष ही साक्ष नव्हे. चुकीमागचं कारण शोधायचं असेल तर निकाल कळण्याआधी आपण काय केलं ते खरं लिहून ठेवावं, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि जे यश चुकीच्या वाटेने आलं त्याचीही चुकीइतकीच कसून चौकशी करावी.

वाचकहो, हे रेंजपुरतं नाही. परीक्षेचा पेपर, शेतातलं नवं बियाणं, दुकानातला नवा माल, घरातला एखादा मोठा निर्णय, प्रत्येक ठिकाणी निकाल लागल्यावर "मला वाटलंच होतं" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपण तसं म्हणण्याआधी एक साधी वही करावी. काय होईल असं वाटतं ते आधी शिसपेन्सिलीने लिहावं, काय झालं ते नंतर लाल शाईने. आणि पेन्सिलीचं लिहिलेलं कधीही खोडू नये.